अडकलेलं गाऱ्हाणं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात एका अडलेल्या सर्व्हरशी झटापट करत होते. "शैला, ये गं," एवढंच ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी होत होती आणि ती बंद करायला कुणी जात नव्हतं. मी "निघते" म्हटलं, बॅग उचलली आणि लिफ्टची वाट न बघता जिने उतरत सुटले, जसं काही मी लवकर पोचले तर फरक पडणार होता. रिक्षावाला विचारत होता, आरेतून घेऊ की पवईवरून, आणि मी त्याच्यावर खेकसले, "कुठूनही घे, पण थांबू नको!" त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण मी अशीच आहे. माझा मोठा भाऊ, मोहनदादा, माझ्याहून वाईट होता. सिग्नल लाल झाला तरी त्याला वाटायचं, मुद्दाम आपल्यालाच बघून केलाय.

त्याला जाऊन आता काही आठवडे झालेत. दिवाळी येऊन गेली, आम्ही कंदील लावला नाही. मी दर रविवारी मुलुंडला जाते, त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसते, मेमरी किती भरलीय, मागे कुठले प्रोग्रॅम ती खातायत ते बघते. सगळं ठीक असतं. मग मी परत तेच बघते. "अगं, जरा टेक ना," वहिनी म्हणते. टेकताच येत नाही मला. हे लिहायला बसले तरी दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले, आणि गॅस तर मी आज पेटवलेलाच नाही.

दादाचं डीटीपीचं दुकान होतं, मुलुंडच्या भाजी मार्केटच्या मागे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, सोसायटीच्या पाणी बंदच्या नोटिसा. टाइपरायटरच्या जुन्या पद्धतीवर त्याचा हात बसलेला, कीबोर्डकडे न बघता दहाही बोटं चालायची आणि त्याच वेळी तोंडही. गिऱ्हाईक 'आमचे येथे श्रीकृपेकरून' म्हणेपर्यंत हा मुलीच्या मामांपर्यंत पोचलेला असायचा. वर सल्ला: "काका, जावयाच्या डिग्र्या कशाला टाकताय? लग्न आहे, नोकरीचा अर्ज नाही." लोक चिडायचे, आणि पुढच्या मुलीच्या वेळी परत त्याच्याचकडे यायचे. घरीही तेच. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देणं म्हणजे त्याला भित्रेपणा वाटायचा. मीही त्यात मागे नव्हते, त्यामुळे आमच्याकडे जेवायला बसलेल्या पाहुण्याला वाटायचं की आता ताटं उडणार. उडायची नाहीत. आम्ही भांडून झालो की एकमेकांना सोलकढी वाढायचो.

आमच्या घरात गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा होता. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते... गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून, घरातल्या सगळ्यांच्या वतीने, मोठ्याने केलेलं मागणं. एकजण मालवणीत मागतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. पाठ केलेलं काही नसतं, त्या वर्षी ज्याचं जे अडलंय ते त्यात यायचं. गावचं घर चुलत्यांकडे गेलं तेव्हापासून आमचा गणपती मुलुंडच्या ब्लॉकमध्ये येतो, आणि दादा आरतीनंतर हात जोडून सुरू व्हायचा: "बा देवा म्हाराजा..." त्यात सोसायटीची बंद लिफ्ट असायची, शेजारच्या मेहताभाईंच्या मुलीचा व्हिसा असायचा, माझ्या डोक्यातला राग तर दरवर्षी. मेहताभाई गुजराती, पण 'होय म्हाराजा' त्यांच्याइतकं जोरात कुणी म्हणायचं नाही. आई म्हणायची, देव आमच्यापेक्षा तेचांच आयकता.

मग दादाच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला आणि आवाज गेला. आवाज गेलेल्या माणसाला गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं, पण रेडिएशनचा शेक दिल्यामुळे त्याची मान लाकडासारखी झाली होती, त्यातून नुसती घरघर निघायची. पाटी दिली, त्याने ती दुसऱ्या दिवशी कपाटामागे टाकली. मोबाइलवर टाइप करायला गेला तर एका अंगठ्याने तीन अक्षरं एकदम. दहा बोटांनी टाइप करणाऱ्या माणसाला एका बोटाने बोलायला सांगणं म्हणजे धावणाऱ्याला लंगडी घालायला लावणं. शेवटी त्यानेच दुकानातला कॉम्प्युटर घरी आणवला आणि कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं, "ह्याला बोलता येतं का बघ."

तो कॉम्प्युटर म्हणजे एक प्रकरणच होतं. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून रोज नवीन व्हायरस यायचे म्हणून काही वर्षांपूर्वी मीच त्यावर विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं. व्हायरस थांबले, पण मशीन म्हातारं ते म्हातारंच. मी त्यात मराठी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवला, स्पीकर जोडले. दादा ओळ टाइप करणार, एंटर मारणार, की मशीन बोलणार. त्याने पहिलं वाक्य मालवणीत टाइप केलं, "आये, जेवक वाढ." बराच वेळ काहीच नाही... आणि मग एक परदेशी पाहुणा जिभेत घोळवून घोळवून म्हणावा तसा आवाज आला. आई दचकून म्हणाली, "ह्यो मेलो कोण बोलता?" आम्ही हसून हसून लोळलो. दादाही खांदे हलवत हसत होता, आवाज नसलेलं हसू ते... तेव्हा बघवलं नाही मला.

हसणं दोन दिवस टिकलं. त्याची बोटं पुढे आणि मशीन मागे, हे रोजचं झालं. तो टोमणा टाइप करायचा, एंटर मारायचा, मशीन घरघरत विचार करायचं, आणि आवाज येईपर्यंत बोलणं कुठल्या कुठे गेलेलं असायचं. मी ऑफिसातल्या साहेबाची तक्रार करायचे, मग विषय भाज्यांवर यायचा, आणि मशीन मध्येच म्हणायचं, "चूक तुझीच असणार." कुणाची? वांग्याची? मग घरच्यांनी एक गोष्ट सुरू केली, प्रेमाने हो, पण मला आजही त्याची चीड येते. त्याच्या बोलण्यासाठी सगळे थांबायला लागले. तो टाइप करायला लागला की ताटावरचे हात थांबायचे, वहिनी मान एकीकडे कलवून त्याच्याकडे बघत राहायची, मीसुद्धा शहाण्यासारखी गप्प. एकदा त्याने ओळ अर्धी टाकली, आमच्याकडे बघितलं आणि ताट घेऊन आत निघून गेला. आत जाऊन त्याने मला मेसेज केला, "मी मेलोय का? मयताला बसल्यासारखे काय बसता?"

अशात गणपती आला. "यंदा गाऱ्हाण्याचं मेहताभाईंना सांगूया का?" मी हळूच विचारलं. मशीनने उत्तर दिलं नाही, दादाच्या डोळ्यांनी दिलं. "मग निदान आधी टाइप करून रेकॉर्ड करून ठेव," मी म्हटलं, तर त्याने टाइप केलं, "गाऱ्हाणं आहे, कॅसेट नाही. देवासमोर उभं राहून काय सुचेल ते." टेबल हॉलमध्ये आणलं. आरती झाली, माणसं हात जोडून उभी राहिली, आणि तो खुर्चीत ताठ बसून टाइप करायला लागला. "बा देवा म्हाराजा," मशीन म्हणालं. "होय म्हाराजा!" "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली आसत." "होय म्हाराजा!" रखडत का होईना, चाललं होतं. मग मशीन म्हणालं, "ह्या घरात जा आजारपण इला हा..." आणि थांबलं. गाऱ्हाण्यात थांबलं की म्हणायचं, हे आमच्या रक्तातच आहे. सगळ्यांनी एका सुरात, मेहताभाईंनी तर हात वर करून म्हटलं, "होय म्हाराजा!"

मशीन पुढे बोललंच नाही. स्क्रीन गोठली, बाण हलेना, पुढचा डिस्कचा दिवा पेटला तो पेटलेलाच. नंतर कळलं की सगळ्या फायलींची यादी करून ठेवणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला नेमका तोच मुहूर्त सापडला होता. दादा एंटर दाबतोय, दाबतोय... शेवटी मीच बटण दाबून बंद केलं, परत सुरू व्हायला इतका वेळ लागला की मुलं प्रसाद मागायला लागली. कुणीतरी म्हणालं, "देवाला कळलं सगळं, चला." झालं, माणसं मोदक खायला बसली.

आईला मात्र ते लागलं. रात्री ती जपमाळ घेऊन बसली ती उठेचना. "देवाक काय सांगलां आमी? घरात आजारपण इला म्हणान सांगलां. आणि सगळ्यांनी होय म्हटलां. ता घेवन जा म्हणान कोणी सांगलांच नाय." मी समजावलं, देव काय अर्ध्या वाक्यावर सही करतो का? ती म्हणाली, "तू नको शिकव माका." पुढे वर्षभर दादाला नुसती शिंक आली तरी आई माझ्याकडे बघायची. दादाने तर त्याच आठवड्यात मला बोलावून घेतलं. "पुढच्या वर्षी मीच घालणार. आणि पूर्ण घालणार. ह्याला नीट कर."

"नवीनच आणते ना," मी म्हटलं. "हे भंगारात पण कुणी घेणार नाही."

"मी नीट चालेनासा झालो की माझ्या जागी पण नवीन आण," मशीन म्हणालं. अर्थात, मी पाणी पिऊन परत आले तेव्हा.

मग दर रविवारी मी मुलुंडला. आधी खोका उघडला, आत इतकी धूळ की त्यात मेथी उगवली असती. ती काढली. विंडो उघडताना तरंगत यायच्या ते बंद केलं, लिनक्सचा जड डेस्कटॉप काढून हलका टाकला. मागे काय काय चाललंय बघितलं तर प्रिंटर नसताना प्रिंटरची तयारी, ब्लूटूथ नसताना ब्लूटूथचा शोध, आणि तो यादी करणारा शहाणा. एकेकाला घरी पाठवलं. दादाने स्क्रीनवर वेंगुर्ल्याच्या समुद्राचे फोटो लावले होते, दर थोड्या वेळाने बदलणारे. मी म्हटलं हे जाणार. तो आढेवेढे घ्यायला लागला. "समुद्र हवाय की बोलायचंय?" मी विचारलं. समुद्र गेला, त्या जागी सरकारी कचेरीच्या भिंतीसारखा रंग आला, आणि तो आठवडाभर मला टोचून बोलत राहिला.

खरी गोम मेमरीत होती. मेमरी भरली की मशीन सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणायला धावतं, दरवेळी माळ्यावरून डबा काढल्यासारखं. त्याला सांगितलं की ऊठसूट माळ्यावर जाऊ नको, आधी सामान दाबून घडी घालून हाताशी ठेव. मेमरीची एक जुनी पट्टी मिळवून घातली. फिरणारी डिस्क काढून नवी, न फिरणारी बसवली. एवढं करूनही आवाज यायला क्षणभर लागायचाच आणि मी चिडचिडले, "झालं की आता! याच्या बापाच्याने याहून फास्ट होणार नाही." तेव्हा दादाने जे टाइप केलं ते मला सर्व्हरवाली असून कधी सुचलं नव्हतं. "फास्ट कोणाला हवंय? काम सावकाश कर म्हणावं. पण हाक मारली की आधी ओ दे."

मी दिवसभर हेच विकते हो, किती वेगाने किती काम! आणि त्याला तर वेग नकोच होता. मी परत बघायला बसले. बोलणारा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीला नव्याने झोपेतून उठत होता, तोंड धुऊन, कपडे करून मग बोलायचा. मी त्याला कायम जागा ठेवला आणि बाकी कोणीही रांगेत असलं तरी पहिला नंबर याचा, असं लावून दिलं. पुढच्या रविवारी जेवताना मी साहेबाची गोष्ट सांगत होते. "आणि तो मला म्हणतो की तुम्ही वेळेत..." "चूक तुझीच असणार," मशीन म्हणालं. माझं वाक्य चालू असताना! कापलं त्याने मला, बरोबर सांध्यावर. मला असा राग आला की विचारू नका. "तू गप रे! तुला काय माहीत?" "मला सगळं माहीत आहे." "काही माहीत नाही!" "ओरडू नको, मुका आहे, बहिरा नाही." वहिनी पदर तोंडाला लावून रडत होती आणि हसत होती. आई म्हणाली, "झालां ह्यांचा सुरू," आणि तिने कित्येक महिन्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. माझ्या आयुष्यात मी एवढी खूश कधी झाले नव्हते.

पण आजार फुप्फुसात गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं ते दादाला, वहिनीला आणि मला. आईला सांगायचं नाही असं ठरलं. या वर्षीचा गणपती आला तेव्हा त्याच्या अंगावरचा शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसत होता. त्याला उशी देऊन खुर्चीत बसवलं. मी मशीन तीनदा तपासलं, बंद करून चालू केलं, इंटरनेटची वायरच काढून ठेवली.

काय सांगू, असं गाऱ्हाणं त्याने आवाज असतानाही घातलं नव्हतं. लोक 'होय म्हाराजा' म्हणत असतानाच त्याची बोटं पुढची ओळ टाकून तयार. लिफ्टचं मागून झालं, मेहताभाईंच्या नातवाचं झालं. "शैलाच्या डोक्यातलो राग थोडो कमी कर." यावर एवढा मोठा 'होय म्हाराजा' झाला की खालून वॉचमन वर बघायला लागला. मग मशीन म्हणालं, "ह्या घरात जा आजारपण इला हा..."

कुणीही हूं केलं नाही. गेल्या वर्षीचं सगळ्यांना आठवत होतं. आईने वहिनीचा दंड घट्ट धरला. पुढची ओळ येईना. मी वाकून बघितलं, तर मशीनवर काहीच ताण नव्हता, ते रिकामं बसून होतं. थांबला होता दादा. बोटं कीबोर्डवर ठेवून तो मूर्तीकडे बघत होता... मग त्याने टाइप केलं. "ता माझ्याबरोबरच जावंदे. माझ्यामागे ह्या घरात कोणाक होवचा नाय."

म्हणा आता, होय म्हाराजा! कोण म्हणणार? मेहताभाईंचं तोंड उघडं ते उघडंच. दादाने परत एंटर मारला, मशीनने तीच ओळ परत म्हटली, त्याच सपाट, परदेशी आवाजात. त्याने खुर्चीतून मान वळवता येईल तेवढी वळवली, आमच्याकडे बघितलं, आणि त्याला संताप आला होता, अगदी जुना, सिग्नलला यायचा तसा. त्याने तीन शब्द टाइप केले.

"ओ द्या रे."

"होय म्हाराजा," आई म्हणाली. एकटी. स्पष्ट. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं आणि तिला सगळं माहीत होतं. मग आम्ही म्हटलं. कसं म्हटलं ते मला विचारू नका. दादाने डोळे मिटून हात जोडले आणि पुढे दुधवाल्याच्या पायाच्या दुखण्याकडे वळला.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो गेला. परवाच्या रविवारी मी त्याच्या खोलीत नेहमीसारखी मशीन तपासत होते. तपासण्यासारखं काही नव्हतंच. आई दारात येऊन उभी राहिली. "पुढच्या वर्सा गाऱ्हाणां कोण घालतला?" मी म्हटलं, बघू गं, गावाहून काकांना बोलवू, नाहीतर मेहताभाईंना थोडं शिकवून...

"तू घाल," आईने माझं वाक्य तोडलं. जन्मात कुणाचं न तोडणाऱ्या आईने.

"मला मालवणी बोलता येत नाही धड. समजतं, पण..."

"तेका आवाज नाय होतो, तुका भाषा नाय. घाल."

"आई, बाईने गाऱ्हाणं घातलेलं ऐकलंयस कधी?"

"काम्पुटरान घातलेला तरी खय आयकला होतंय? देवान आयकल्यान ना? आता घाल बघू. माज्यासमोर घाल."

"आता? इथे?" मी चिडले, खुर्ची ढकलून उठले, निघूनच जाणार होते. पण ती दारातून हलेना. हात जोडून उभी, एवढीशी. मग मीही जोडले. "बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, आणि पुढे काही मागायचं सुचेना. काय मागू? मागायचं ते सगळं होऊन गेलं होतं. जे होतं तेवढंच तोंडातून आलं, मोडक्यातोडक्या मालवणीत.

"आमचो दादा गेलो."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला आणि वहिनी म्हणाली, "होय म्हाराजा."